वासाचा रकाना

बारक्या बावन्न वर्षांचा होता आणि त्याचं वजन नव्वद किलोच्या पुढे गेलं होतं. तरी थोरल्या भावाच्या तोंडी तो बारक्याच राहिला, आणि भावाच्या तोंडून ते नाव कारखान्यापर्यंत पोचलं. दुधाची पावडर करणाऱ्या त्या कारखान्यात तो एकवीस वर्षं ड्रायर चालवत होता. तीन मजले उंच यंत्र. वरून दुधाचा फवारा सुटायचा, त्याच्याबरोबर गरम हवा यायची, आणि खाली पोचेपर्यंत दुधाचं पीठ झालेलं असायचं. नव्या माणसांना तो सांगायचा की यात अक्कल एवढीच आहे, पाणी जाऊ द्यायचं आणि दूध राहू द्यायचं.

दादा त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याचा धंदा मधमाश्यांचा. गावाबाहेरच्या उतारावर त्याचं बैठं घर होतं आणि मागे चाळीस पेट्या. मधाचा एक थेंब जिभेवर ठेवून दादा सांगायचा की या माश्या ओढ्याकडे गेल्या होत्या की टेकडीकडे. गिऱ्हाईक हसायचं, पण घेऊन जायचं.

मग दादाचा उजवा हात थरथरायला लागला. वर्षभराने डावा. डॉक्टरांनी कंपवात आहे असं सांगितलं, गोळ्या दिल्या, चालणं सोडू नका म्हणाले. दादाने पेट्या हळूहळू दुसऱ्या मधवाल्यांना देऊन टाकल्या. सहा उरल्या, त्या वहिनी बघायची.

बारक्या दोन-तीन महिन्यांतून एकदा भावाकडे जायचा. कारखान्याच्या पाळ्या, घरची कामं, आणि खरं म्हणजे आळस. असाच एकदा तो सकाळी गेला तेव्हा दादा न्याहारीला बसला होता. पुढ्यात भाजलेला पाव आणि मधाची बाटली. दादाने चमचा भरून उचलला आणि तो पावापर्यंत पोचेपर्यंत मधाची तार टेबलावरून शर्टावर, शर्टावरून पांढऱ्या दाढीत गेली. वहिनीने बोलणं न थांबवता ओल्या फडक्याने आधी टेबल पुसलं, मग शर्ट, मग दाढी. दादाने थाळी थोडी पुढे सरकवली आणि खिडकीबाहेर बघत बसला.

पुढच्या खेपेला टेबलावर मध नव्हता. बारक्याने विचारलं तर दादा म्हणाला, कंटाळा आला, चाळीस वर्षं तेच खातोय.

बारक्याने घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता ती म्हणाली, "त्यांना मधाचा नाही, फडक्याचा कंटाळा आलाय."

हे वाक्य बारक्याच्या डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी ड्रायरच्या तळाशी उभा राहून गोणीत पडणारी पावडर बघताना त्याला वाटलं, पूड काही ओघळत नाही. दाढीत अडकत नाही. झाकणाला भोकं पाडली की पावावर भुरभुरता येईल, हात थरथरला तर उलट बरंच.

तो कारखान्याच्या लॅबमधल्या बाईंकडे गेला. बाई बारीक चणीच्या होत्या, चष्मा नेहमी केसांवर ठेवून तो शोधत असायच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की मध म्हणजे दूध नव्हे. दुधाला वाळवलं तर ते ऐकतं, मध मात्र हट्टी. पाणी गेलं तरी चिकटपणा सोडत नाही. पण एक बेकरीवाले बरेच दिवस मधाची पूड मागत होते, त्यामुळे बाईंनाही त्यात रस होता. लॅबमध्ये तीन छोटी यंत्रं होती: फवाऱ्याचा ड्रायर, गोठवून वाळवणारा आणि व्हॅक्यूमचा. शनिवारी दुपारी ती धुऊन रिकामी असत. वापरा म्हणाल्या, पण एका अटीवर. सगळं वहीत लिहायचं. त्यांनी स्वतः पट्टीने रकाने आखून दिले. रंग, वास, चव, गुठळ्या. आणि चाखणारा माणूस दर वेळी एकच हवा.

बारक्याने सांगितलं, चाखणारा आहे. त्याच्यासारखं नाक गावात नाही.

पहिल्या शनिवारी त्याने नुसता मध फवाऱ्यात घातला. एकवीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने खरं म्हणजे ते करायला नको होतं. मध काचेच्या भिंतीला जाऊन बसला आणि तिथेच त्याची टॉफी झाली. ती खरवडून धुवायला तीन तास लागले. बाई मध्ये एकदा येऊन बघून गेल्या.

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. मध पाण्यात पातळ करायचा आणि त्यात मक्याच्या स्टार्चपासून केलेली एक पांढरी पूड मिसळायची. तिला स्वतःची चव जवळजवळ नसते; ती मधाच्या कणांना एकमेकांपासून लांब ठेवते, भांडखोर भावंडांच्या मध्ये आईने झोपावं तशी. या वेळी जमलं. एकशेऐंशी अंशाच्या हवेतून पांढरी, मऊ, हाताला न चिकटणारी पूड खाली आली. बारक्याने ती बरणीत भरली आणि रविवारी सकाळी दादाकडे गेला.

वहिनीने बरणी आत नेली. वास मोकळा व्हावा म्हणून कोमट पाण्यात दोन चमचे ढवळून, दादासाठी आणलेला न सांडणारा, दोन कानांचा, झाकणाचा कप घेऊन ती बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली. दादाने घोट घेतला. डोळे मिटले. 

मग तो म्हणाला, गोड आहे, पण वास करपल्यासारखा. पातेल्यात साखर जरा जास्त राहिली की येतो तसा.

बारक्याने वासाच्या रकान्यात लिहिलं, करपट. त्याला वाईट वाटलं नाही, उलट आनंदच झाला. बाईंनी तेच सांगितलं होतं, की इतक्या उष्णतेत मधाचा वास आधी उडतो आणि मग जळतो.

पुढच्या शनिवारी त्याने हवा तीस अंशांनी उतरवली. दादा घोट घेऊन म्हणाला की करपटपणा गेला, पण त्याच्याबरोबर मधही गेला. हे आता गोड पीठ आहे. बारक्याने तेही लिहिलं. दोन शनिवार त्याने आच खालीवर केली, मक्याची पांढरी पूड कमीजास्त केली. मग तो गोठवणाऱ्या यंत्राकडे वळला. त्यात मध आधी दगडासारखा गोठवायचा आणि हवा काढून घ्यायची, म्हणजे बर्फाचं पाणी न होता सरळ वाफच निघून जाते. उष्णता जवळजवळ नाहीच. पण अडीच दिवस लागतात. बाईंनी गुरुवारपासून यंत्र द्यायचं कबूल केलं. शनिवारी जे निघालं ते फिकट सोनेरी होतं, कापसासारखं हलकं.

त्या रविवारी दादाने कप दोन्ही हातांत धरून सावकाश दोन घोट घेतले. मग म्हणाला, "हे. ह्यात फुलं आहेत."

बारक्याला घरी जाताना बसमध्ये गाणं गुणगुणावंसं वाटलं. पण बुधवारी वहिनीचा फोन आला की पुडीचा दगड झालाय. बरणी तीनदा उघडली, तेवढ्यात हवेतलं पाणी शोषून ती एकजीव झाली होती. वहिनी बत्त्याने फोडत होती. गुठळ्यांच्या रकान्यात बारक्याने स्वतःला मोठं भोपळ्याएवढं शून्य दिलं.

राहिलं व्हॅक्यूमचं यंत्र. त्यात हवेचा दाब इतका उतरवतात की पन्नास अंशांतही पाणी उकळून निघून जातं. ताटलीतला मध फुगायचा, त्याचा फेस व्हायचा आणि तो फेस वाळून कडक पापुद्रा व्हायचा. बारक्या तो कुटून बारीक करायचा. दादाचं मत पडलं की वास बराच आहे, पण त्या फुलांच्या पुडीइतका नाही. लॅबमधल्या वास मोजणाऱ्या यंत्राचेही आकडे तेच होते. बाई आकडे आणि वही शेजारी ठेवून म्हणाल्या, की तुमच्या भावाचं नाक यंत्राच्या तोडीचं आहे हो. बारक्याची छाती फुगली, जणू नाक त्याचंच होतं.

असे आठ महिने गेले. एकही रविवार चुकला नाही. बायको म्हणायची, भावाला मधाचं बोट लावायला निघालात आणि स्वतःच चाटत बसलात. पण ती सोबत लोणी द्यायची, पावाला लावायला.

मग वहिनीच्या लेकीला मुलगा झाला. वहिनीला आठ दिवस तिकडे जायचं होतं आणि दादाला एकटं ठेवता येत नव्हतं. बारक्याने रजा टाकली, कपड्यांची पिशवी आणि सगळ्या बरण्या घेऊन तो राहायला आला. वहिनीने जाताना त्याला गोळ्यांच्या वेळा तीनदा सांगितल्या. तिला दादाला काही सांगायचं होतं बहुतेक. ती दारात घुटमळली, पण रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्याने व्हॅक्यूमची नवी पूड काढली, या वेळी पंचेचाळीस अंशांवर केलेली. कोमट पाण्यात ढवळून त्याने कप दादाला दिला. दादाने डोळे मिटले.

"फुलं आहेत," तो म्हणाला. "मागच्यापेक्षा खुलून आलीत. टेकडीकडची."

बारक्याने खूष होऊन लिहून घेतलं. मग चमचा धुवायला आत गेला आणि सवयीने चाटला. त्याला फुलं लागली नाहीत. मधही लागला नाही. त्याने बरणी उचलून झाकणावरची चिठ्ठी वाचली. बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, साखर, तुलनेसाठी. मधाशी ताडून बघायला म्हणून बाईंनी त्याच्याकडून साखरेचा पाकही तसाच वाळवून घेतला होता. घाईत तीच बरणी हाती आली होती.

त्याला आधी वाटलं, दादा आपलं मन राखतोय. म्हाताऱ्या माणसाने धाकट्याचं मन राखलं तर त्यात काय. पण दुसऱ्या दिवशी तो अंघोळ करून बाहेर आला तेव्हा घरभर धूर होता. गॅसवरचं दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं होतं. दादा तिथेच, शेगडीपासून दोन हातांवर, पाठ करून पेपर वाचत बसला होता. वाचण्यात अगदी गढून गेला होता. बारक्याने धावत जाऊन गॅस बंद केला तेव्हाच त्याने मान वळवली आणि धूर बघितला.

दुपारी बारक्याने एक गोष्ट केली, तिची त्याला नंतर लाज वाटली. दादा खुर्चीत बसला असताना तो त्याच्या मागे गेला आणि संत्रं सोलायला लागला. वास खोलीभर झाला. बारक्याच्या तोंडाला पाणी सुटलं. दादाची मान हलली नाही. बारक्याने ते संत्रं उभ्याउभ्या एकट्यानेच खाऊन टाकलं आणि साली केरात टाकल्या.

उरलेले दिवस त्याने हा विषय काढला नाही. वहिनी नसताना दादाला कोंडीत पकडणं त्याच्या जिवावर आलं. तो दादाला धरून उतारावर फिरवायचा, दाढी करून द्यायचा, रोज कप भरून द्यायचा. दादा रोज फुलांबद्दल काहीतरी सांगायचा. बारक्या वही घ्यायचा, पण पेन नुसतंच फिरवायचा.

वहिनी आली. नातवाचे फोटो दाखवून झाले, दादा जेवून आडवा झाला, तेव्हा बारक्या तिच्या पाठोपाठ मागच्या अंगणात गेला. ती पेट्यांपुढचं पाणी बदलत होती. वहिनी या घरात आली तेव्हा बारक्या बारा वर्षांचा होता, आणि तिने पहिल्यांदा ‘भाऊजी’ म्हटलं तेव्हा तो लाजून माळ्यावर जाऊन बसला होता. तिच्याशी आडवळणाने बोलायची त्याला सवय नव्हती. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं.

"वहिनी, दादाला वास कधीपासून येत नाही?"

तिने तांब्या खाली ठेवला.

"हात थरथरायच्या आधीपासून," ती म्हणाली. "सात वर्षं झाली असतील. डॉक्टर म्हणाले, ह्या दुखण्यात आधी वासच जातो. हे म्हणाले, कोणाला सांगायचं नाही. मधवाल्याला वास येत नाही म्हटल्यावर मध कोण घेणार. मग तेव्हापासून मीच वास घेऊन ह्यांच्या कानात सांगायची. गिऱ्हाइकांना तेच ऐकवायचे."

"आणि माझी पूड?"

वहिनीला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला. पहिल्या रविवारी तिने आत पूड पाण्यात ढवळली, ती ह्यांना सोसेल का बघायला म्हणून स्वतः चाखली, तर करपट वास. कप देताना तिने दादाला हळूच सांगितलं की करपलंय, पण भाऊजी हौसेने आलेत, तोडून बोलू नका. तर दादाने तेच, वर डोळे मिटून, तोऱ्यात सांगितलं. वहिनीला वाटलं, बरं झालं, आता भाऊजी नाद सोडतील. पण पुढच्या रविवारी ते नवी बरणी घेऊन हजर.

"मग दर वेळी मी आत चाखायची आणि बाहेर येईपर्यंत दोन शब्द ठरवायची. मी म्हणाले होते ह्यांना, की सांगून टाका. तर म्हणाले, सांगितलं तर तो करायचं सोडेल. आणि करायचं सोडलं की यायचंही सोडेल."

 बारक्या पेट्यांकडे बघत उभा राहिला. माश्या येत होत्या, जात होत्या.

सोमवारी तो वही घेऊन बाईंच्या खोलीत गेला आणि म्हणाला, ही फाडून टाका. आठ महिन्यांचं सगळं खोटं आहे, चाखणाऱ्याला वासच येत नाही. त्याने सगळी हकीगत सांगितली. बाईंनी केसांवरचा चष्मा डोळ्यांवर आणला, पानं उलटली, यंत्राच्या आकड्यांशी पुन्हा एकदा ताडून बघितली.

"आकडे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "फक्त चाखणाऱ्याचं नाव चुकलंय. ते खोडून वहिनींचं घाला. आणि त्यांना एकदा इकडे घेऊन या."

त्या रविवारी बारक्या बरणी न घेता गेला. दादा मागे पेट्यांजवळ खुर्ची टाकून बसला होता. बारक्या पायरीवर टेकला. थोडा वेळ दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग दादाच म्हणाला, "तुला कळलं म्हणे."

"हो."

"त्या दिवशी माझ्या मागे संत्रं सोललंस. साली दिसल्या मला केरात. एक फोडही दिली नाहीस."

बारक्याचे कान लाल झाले. त्याने विचारलं, मग इतके दिवस वाटेल ते का सांगत होतास?

"वाटेल ते नाही. ती सांगायची तेच सांगत होतो. थोडं सजवून."

"आणि ती गेली होती तेव्हा?"

"तेव्हा नुसतंच सजवलं," दादा म्हणाला, आणि दोघंही हसायला लागले. दादाचं हसू थांबलं तरी खांदे हलत राहिले, ते हसण्याने की दुखण्याने हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मग बारक्याने इतक्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. तोंडात घातल्यावर तुला कळतं तरी काय? दादाने घाई केली नाही. गोड कळतं, तो म्हणाला. थोडं आंबट. ऊन आहे की गार ते. आणि दातांखाली काही मोडलं की त्याचा आवाज. तो मात्र अगदी पहिल्यासारखा आहे. म्हणून तर भाजलेला पाव अजून आवडतो. मऊ पावात काही राम राहिला नाही.

"डॉक्टर कडक खायला देतात का तुला?"

"गिळायला त्रास नाही अजून. तपासून सांगितलंय. जपून खा म्हणाले."

बारक्या मग जास्त थांबला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे व्हॅक्यूमच्या ताटलीतला तो पापुद्रा आला होता, जो कुटताना इतका वाजायचा की बाई दार लावून घ्यायच्या. इतके महिने तो जे फोडून बारीक करत होता ते दादाला अख्खंच हवं होतं.

पण ते वाटलं तितकं सोपं निघालं नाही. पुडीसाठी गुठळी झाली नाही म्हणजे झालं; इथे पापुद्रा दातांखाली मोडायला हवा, तोंडात विरघळायला हवा आणि टाळ्याला चिकटता कामा नये. मक्याची पांढरी पूड नेहमीइतकी घातली तर खडू खाल्ल्यासारखं लागायचं. तिला निम्म्यावर आणलं तर निघालं ते चामडं. थर जाड झाला की मध्ये ओला राहायचा, दाब एकदम उतरवला की फेस उसळून ताटलीबाहेर जायचा. बारक्याने दाब टप्प्याटप्प्याने उतरवायला सुरुवात केली, मधाला फुगायला वेळ दिला, आणि चौथ्या शनिवारी ताटलीत सोनेरी, आत बारीक बारीक पोकळ्या असलेली चकती तयार झाली. बाईंनी कोपरा मोडला. टक्कन आवाज आला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि दुसरा कोपरा न विचारता घेतला.

उघड्यावर दहा मिनिटांत ती चकती चिकट व्हायची, म्हणून बारक्याने अठरा तुकडे अठरा चकचकीत पाकिटांत बंद केले आणि मोठ्या तोऱ्यात दादाकडे नेले. दादाने एक पाकीट हातात घेतलं. कडा पकडायला गेला, बोटं घसरली. पुन्हा पकडली, पुन्हा घसरली. शेवटी वहिनीने ते घेऊन फाडलं आणि तुकडा त्याच्या हातावर ठेवला. दादाने खाल्ला, छान आहे म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बारक्याने तो चेहरा आधी पाहिला होता. उरलेली सतरा पाकिटं त्याने खिशात घातली. रस्ताभर तो स्वतःला गाढव म्हणत होता, नि बसमध्ये शेजारच्या बाईला वाटलं तिलाच म्हणतोय.

पुढच्या रविवारी त्याने रुंद तोंडाची बरणी आणली. झाकणावर बोट दाबलं की उघडायचं, सोडलं की घट्ट बसायचं, आणि झाकणाच्या आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या चिकटवल्या होत्या. तुकडे सुपारीएवढे केले होते, म्हणजे सांडले तरी पाव किंवा दाढी बिघडणार नाही. ती बरणी त्याने दादाच्या पुढ्यात ठेवली आणि मुद्दाम वहिनीला हाक मारून म्हणाला, मला चहा दे. ती आत गेली.

दादाने झाकण दाबलं. हात आत गेला. थरथरत्या बोटांत तुकडा बरणीच्या काठावर खडखडला, एकदा निसटून खाली पडला. बारक्या जागचा हलला नाही. दादाने पुन्हा पकडला, डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि तो तोंडापर्यंत नेला.

मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरात पोचला. वहिनी दारात आली.

दादाने दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. बारक्याने वाट पाहिली आणि शेवटी म्हणाला, काहीतरी सांग ना.

"तोंड भरलंय," दादा म्हणाला.

वहिनीसाठी बारक्याने दुसरी छोटी बरणी आणली होती, गोठवून वाळवलेल्या पुडीची, जिला फुलांचा वास होता. ही तुझी, कोणाच्या कानात सांगायची गरज नाही, असं त्याने तिला सांगितलं. वहिनीने झाकण उघडून नाकाशी धरलं आणि लगेच घट्ट लावून मागे लपवलं, जणू कोणी काढून घेणार होतं.

लॅबमध्ये यायला ती आधी तयार नव्हती. मी कुठे शिकलेली, तिथे साहेबलोक बसणार आणि मी काय बोलणार, असं तिचं चाललं होतं. दादाने तिला सांगितलं की तू आजवर साहेबांनाच ऐकवत आलीस, फक्त माझ्या तोंडून. शेवटी ती गेली. पांढऱ्या खोलीत तिच्यापुढे सात वाट्या ठेवल्या होत्या, नुसते आकडे लिहिलेल्या. तिने एकेकीचा वास घेतला आणि सांगितलं की तीन नंबरच्या वाटीला जास्त आच लागलीय आणि पाच नंबरच्या वाटीत मधच नाही. बाई केसांवरचा चष्मा शोधायला लागल्या. तेव्हापासून महिन्यातून दोन शुक्रवार बाई तिला बोलावतात.

त्या शुक्रवारी बारक्या पाळी बदलून घेतो आणि दादाकडे थांबतो. वहिनी नसली की पेट्या तपासायचं काम त्याच्याकडे येतं. दादा खुर्चीवर बसून सांगतो, बारक्या पेटीतली पोळ्याची चौकट उचलतो. सावकाश, दादा म्हणतो, तो ड्रायर नाही. बारक्या म्हणतो, मला एकवीस वर्षांचा अनुभव आहे. कशाचा, दादा विचारतो.

परवा संध्याकाळी वहिनी परतली तेव्हा बारक्याचा डावा कान माशी चावून टोमॅटोएवढा सुजला होता आणि दादा त्याला चुना लावत होता. हात थरथरत होता, त्यामुळे चुना कानापेक्षा बारक्याच्या गालामानेवर आणि दादाच्या शर्टावरच जास्त लागला होता. बारक्या डोळे मिटून मुकाट्याने बसला होता. वहिनीने पिशवी ठेवली, फडकं ओलं केलं आणि विचारलं, आधी कोणाला पुसू?

"त्याला," दादा म्हणाला. "लहान आहे तो."